पगाराचे दान

न्यू साउथ वेल्समधील नॅरोमाइन या शेतीप्रधान गावात वाढलेल्या ग्लेन मॅकग्राने १९९३ साली पर्थ येथे न्यूझीलंडविरुद्ध कसोटी पदार्पण केले. जानेवारी २००७ मध्ये सिडनीला निरोप घेताना त्याच्या खात्यावर १२४ कसोटींतील ५६३ बळी जमा होते. वेगवान गोलंदाज म्हणून त्याची ख्याती असली, तरी धडकी भरविणारा वेग हे त्याचे भांडवल नव्हते. ऑफ स्टंपलगतची तीच रेषा, तोच टप्पा, षटकामागून षटके! सट्ट्यातली अकस्मात कमाई नव्हे, तर पेढीवर नित्यनेमाने बसणाऱ्याची ती मिळकत होती. त्याच वर्षीच्या विश्वचषकात सदतिसाव्या वर्षी २६ बळी घेऊन तो स्पर्धेचा मानकरी ठरला. चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये तो २०१२ पासून आपल्या तरुण गोलंदाजांना हेच शिकवीत आला आहे.

त्याची पत्नी जेन मूळची इंग्लंडची. १९९७ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाला. ती बरी झाली. परंतु व्याधी परतली. उपचारकाळात प्रशिक्षित परिचारिकेचा आधार किती मोलाचा असतो, हे जाणून या दांपत्याने २००५ मध्ये मॅकग्रा फाउंडेशन स्थापन केले. २२ जून २००८ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, दोन लहान मुले मागे ठेवून जेन निवर्तली.

या संस्थेचा निधी मुख्यत्वे परिचारिकांच्या वेतनावर खर्च होतो, ही बाब दानशूर समाजाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. इमारतीस देणगी एकदाच द्यावी लागते, शिवाय दात्याचे नाव शिलालेखावर झळकते. वेतन मात्र दरमहा द्यावे लागते आणि त्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही. दूरच्या खेड्यातील रुग्णालाही ही परिचारिका विनामूल्य लाभते. औषधदानाची आपली कल्पना गोळ्या-औषधांपाशी थांबते की काय, असा प्रश्न येथे मनात येतो.

२००९ पासून सिडनीची नववर्षाची कसोटी या कार्यासाठी गुलाबी रंगात रंगते. तिसरा दिवस जेनच्या नावाचा. त्या दिवशी खेळाडू आपल्या गुलाबी टोप्या ग्लेनच्या स्वाधीन करतात.

जैन वाचकापुढे एक गोष्ट झाकून ठेवणे मात्र उचित होणार नाही. २००८ साली मॅकग्राने झिंबाब्वेत शिकार केली. मारलेल्या प्राण्यांसोबतची त्याची छायाचित्रे २०१५ मध्ये उजेडात आली, तेव्हा कायद्याने परवानगी असली तरी ते कृत्य अनुचित होते, असे सांगून त्याने जाहीर खेद व्यक्त केला. तो काळ त्याच्या आयुष्यातील अत्यंत कठीण होता, हे खरे. पण शोकाने हिंसेचे समर्थन होत नाही. त्याच्या दानाची अनुमोदना करावी, शिकारीची करू नये. दोन्ही नोंदी एकाच खात्यावर आहेत, आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

संस्थेचे काम मात्र वाढतच गेले. आता तिच्या परिचारिका केवळ स्तनाच्या नव्हे, तर सर्व प्रकारच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी नेमल्या जातात.