अंतऱ्यात आवाज फाटतो? सरावाचं गाणं निवडताना आधी हे बघा

अमरावती असो की अकोला, गाणाऱ्या पोरांची तक्रार एकच असते. मुखडा मस्त जमतो, पण अंतरा आला की आवाज फाटतो. मग कोणी मानेच्या शिरा ताणून ओरडतो, कोणी एकदम बारीक आवाजात शिरतो, तर कोणी "आपला गळाच तसा नाही" म्हणून गाणं सोडून देतो.

यूट्यूबवर याचा उपाय दोन शब्दांत सांगितला जातो : मिक्स व्हॉइस. पण तिथे सरावासाठी सुचवलेली गाणी बहुतेक इंग्रजी असतात. मग आपल्याकडच्या मुलांनी काय गायचं? वऱ्हाडातल्या पोरांना उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

मिक्स व्हॉइस म्हणजे नेमकं काय?

आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. खालच्या सुरात ते जाड आणि सैल राहतात. हा आपला रोजचा, छातीत घुमणारा आवाज. वरच्या सुरात तेच तंतू ताणले जाऊन पातळ होतात आणि आवाज डोक्यात वाजल्यासारखा वाटतो.

काम करणारे स्नायूही दोन प्रकारचे. एक तंतू जाड करतो, दुसरा ताणतो. सूर चढताना पहिल्याने हळूहळू ढिलं व्हायचं आणि दुसऱ्याने सूत्रं हातात घ्यायची, अशी ही अदलाबदल आहे. ती सावकाश झाली तर ऐकणाऱ्याला जोड कळतच नाही. यालाच मिक्स व्हॉइस म्हणतात. पहिला स्नायू हटून बसला तर गाणारा ओरडतो, आणि त्याने अचानक हात सोडला तर आवाज फाटतो.

मॅन्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये छोट्या आरशात स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले होते. आवाजाचे हे वेगवेगळे थर त्याआधीपासून त्याच्या अभ्यासाचा विषय होते. म्हणजे हे काही रील्सच्या काळातलं फॅड नाही.

तुमचा सांधा कुठे आहे?

जिथे हा बदल होतो त्या जागेला आपण 'सांधा' म्हणू. बऱ्याच पुरुषांची गाण्याची पट्टी काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास असते. काळी एकचा मध्य सप्तकातला सा लावताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १३९ वेळा कंप पावतात, तार सा लावताना २७७ वेळा.

मध्यम जाडीच्या आवाजाचा सांधा काळी एकच्या हिशोबाने कोमल नी ते तारसप्तकातला कोमल ग यांच्या मध्ये येतो. आवाज मुळातच पातळ असेल तर सांधा अजून दोन-तीन सूर वर सरकतो.

आता लक्षात येईल की अंतराच का फसतो. आपल्या बहुतेक चालींमध्ये मुखडा मध्य सप्तकात फिरतो आणि अंतरा तार सा गाठतो. म्हणजे अंतरा नेमका सांध्यावर येऊन आदळतो.

सांधा शोधायची सोपी रीत आहे. हार्मोनियम किंवा मोबाईलमधलं पेटीचं ॲप घ्या. हलक्या आवाजात 'ऊ' म्हणत खालून वर सरकत जा. आवाज जिथे डगमगतो किंवा झटका देतो, ती पट्टी लिहून ठेवा. असं तीन-चार दिवस करा, साधारण एकच जागा सापडेल.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. सांधा गळ्यात असतो, गाण्यात नसतो. तुम्ही गाण्याची पट्टी बदलली की गाण्यातली वेगळी जागा सांध्यावर येते. गाणं निवडण्याची सगळी किल्ली इथेच आहे.

'ओरिजिनल स्केल'चा हट्ट

सोशल मीडियावर "ओरिजिनल स्केलला गायलं" याला फार भाव आहे. अजय गोगावले यांचं 'नटरंग'मधलं 'खेळ मांडला' किंवा 'सैराट'मधलं 'याड लागलं' त्याच पट्टीत गाऊन दाखवायची स्पर्धाच असते. गाणी जबरदस्त आहेत, पण सरावाला सुरुवातीला घेऊ नका. ती वर जातात आणि बराच वेळ तिथेच राहतात. ज्याला सांधा ओलांडताच येत नाही, त्याने सांध्यावरच मुक्काम केला तर तो ओरडणारच. आणि रोज ओरडलं की गळ्याला ओरडायचीच सवय लागते.

तीच गाणी दोन-तीन पट्ट्या उतरवून गा. कराओके ॲपमध्ये पिच बदलायचं बटण असतं, ते वापरण्यात काही कमीपणा नाही.

सुरेश भटांची गाणी आणि पुरुषाचा गळा

वऱ्हाडातल्या मुलांची खास अडचण इथे आहे. सुरेश भट १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मले. त्यांचे शब्द गावेसे वाटणं साहजिक आहे. पण 'मेंदीच्या पानावर' आणि 'सुन्या सुन्या मैफलीत' लता मंगेशकरांनी गायलेली, तर 'केव्हातरी पहाटे' आणि 'तरुण आहे रात्र अजुनी' आशा भोसले यांनी.

पुरुष ही गाणी मूळ ट्रॅकवर गायला गेला की दोनच गोष्टी होतात. एक तर त्याच उंचीवर ओरडणं. नाहीतर पूर्ण सप्तक खाली उतरून पुटपुटणं. दुसऱ्या प्रकारात गळ्याला त्रास होत नाही, पण सांधा येतच नाही, म्हणजे सरावही होत नाही.

यावरचा मधला मार्ग असा : हार्मोनियमवरची प्रत्येक काळी-पांढरी मोजून मूळ ट्रॅक ४ ते ७ पट्ट्या खाली घ्या. मुखडा बोलल्यासारखा आरामात येईल आणि अंतरा सांध्याला हलकेच स्पर्श करेल अशी जागा या चार-सात पट्ट्यांतच सापडते.

सरावाचं गाणं कसं ओळखायचं?

गाणं आवडतं म्हणून नाही, तर या पाच गोष्टी बघून निवडा :

- सर्वात वरचा सूर. तो तुमच्या सांध्याच्या एक-दोन सूर पलीकडे असावा. त्याहून जास्त नको.
- तिथे किती वेळ थांबायचं आहे? सुरुवातीला वर जाऊन लगेच खाली येणारी चाल घ्या.
- वर कसं जायचं आहे? पायरी-पायरीने चढणारी चाल सोपी. एकदम उडी मारणारी नंतर.
- वरच्या सुरावर कोणतं अक्षर आहे? 'ई' आणि 'ऊ' तंतूंना पातळ व्हायला मदत करतात. मोठा उघडा 'आ' आला की गळा ओरडायला बघतो. तशा जागी आधी सगळी ओळ 'नू' किंवा 'मी' म्हणत गा, मग शब्द घाला.
- ती जागा किती वेळा येते? एकाच गाण्यात सांधा चार-पाच वेळा ओलांडावा लागला तर सराव आपोआप होतो.

कोणत्या क्रमाने गायचं?

पहिला टप्पा भावगीतांचा. अरुण दाते यांच्या 'शुक्रतारा मंद वारा'सारखं बोलल्यासारखं, शांत गाणं घ्या. इथे जोर लावायची सवय मोडायची आहे.

दुसऱ्या टप्प्यात सुधीर फडके. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'त ५६ गाणी आहेत आणि त्यातली बरीच अनेक कडव्यांची आहेत. कडवं बदललं की तीच चढण पुन्हा येते, फक्त शब्द वेगळे.

तिसऱ्या टप्प्यात मराठी गझल, आणि हा वऱ्हाडाचा हक्काचा खजिना. गझल गाताना सहसा शेराची पहिली ओळ वर उचलली जाते आणि दुसरी ओळ मुखड्याच्या जागी परत येते. पाच शेर म्हणजे सांध्यावर पाच फेऱ्या. शिवाय शब्द कळायलाच हवेत म्हणून ओरडून चालत नाही. अमरावती जिल्ह्यातून आलेले भीमराव पांचाळे यांची गझलगायकी यासाठी जरूर ऐका. वरचा सूर पुरुषी राहूनही हलका कसा ठेवायचा, हे त्यातून कानाला कळतं.

नाट्यगीतं शेवटी. वसंतराव देशपांडे १९२० मध्ये अकोला जिल्ह्याच्या मुर्तिजापुरात जन्मले. 'कट्यार काळजात घुसली'मधले त्यांचे खाँसाहेब आजही लोक विसरलेले नाहीत. ते गाणं रोज ऐकावं, पण त्यांच्या वेगाने तारसप्तकात झेपावण्याआधी वरचे तिन्ही टप्पे पक्के हवेत.

भजनात काय करायचं?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आपल्याकडे गावोगाव होतात. मुख्य गायकाचा आवाज उंच असेल तर पेटी त्याच्या पट्टीत लागते आणि मागच्या सगळ्यांना तिथेच धरावं लागतं. रात्रभर असं गाऊन सकाळी गळा बसला, तर त्यात भक्ती कमी पडलेली नसते, पट्टी चुकलेली असते.

पेटीवाल्यांना एक-दोन पट्ट्या उतरवायला सांगा. ते शक्य नसेल तर वरच्या ओळीला अर्ध्या आवाजात साथ द्या. हलका पण न तुटणारा सूर हाच तर मिक्स व्हॉइसचा सराव आहे.

कधी थांबायचं?

सांध्याचा सराव दिवसाला १५-२० मिनिटं पुरे. सुरुवातीला ओठ फुरफुरवत किंवा स्ट्रॉमधून आवाज काढत सूर वर-खाली न्या, गळा मोकळा होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा दिवसभर पाणी पीत राहा.

गाताना दुखलं की तिथेच थांबा. गाऊन झाल्यावर बोलायचा आवाज जड झाला तर पट्टी अजून खाली हवी, असं समजा. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर घरगुती काढे बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि १२ ते १६ वयातल्या, आवाज फुटत असलेल्या मुलांना वरच्या पट्टीत गायची सक्ती करू नका. त्यांचा सांधा अजून जागेवर बसायचा असतो.

आज रात्री एवढंच करून बघा. तुमचं आवडतं, नेहमी फसणारं गाणं तीन पट्ट्या खाली घ्या आणि अंतरा अर्ध्या आवाजात 'नू' म्हणत गा. जर तो न फाटता गेला, तर तुमचा गळा ठणठणीत आहे. बदलायची होती ती पट्टी.