शेव्हरले खोलली, टोयोटा घडली

जपानच्या टोयोटा कंपनीचे मूळ कापडधंद्यात आहे. साकिची तोयोदा यांच्या स्वयंचलित मागाच्या उत्पादनासाठी 1926 मध्ये कारिया येथे कारखाना निघाला. या मागाचे हक्क इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्सला देण्याचा करार 1929 मध्ये झाला. त्या निमित्ताने साकिचींचे चिरंजीव, यंत्र अभियंते किइचिरो तोयोदा, इंग्लंड-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. तिथला मोटारउद्योग त्यांनी जवळून पाहिला.

जपानच्या रस्त्यांवर तेव्हा अमेरिकी गाड्यांचेच राज्य होते. 1923 च्या भूकंपात तोक्योतील ट्रामचे जाळे कोलमडले, तेव्हा बससेवेसाठी फोर्डच्या गाड्या मागवाव्या लागल्या. पुढे फोर्डने 1925 मध्ये योकोहामात आणि जनरल मोटर्सने 1927 मध्ये ओसाकात कारखाने काढले. पण तिथे बाहेरून आलेल्या भागांची फक्त जोडणी होई. मोटार मुळापासून घडवण्याचे ज्ञान देशात फारसे रुजले नव्हते.

1933 मध्ये किइचिरो यांनी माग कारखान्यातच मोटार विभाग सुरू केला. एक नवी शेव्हरले विकत आणून ती पूर्ण खोलण्यात आली. प्रत्येक भागाचे माप घेतले गेले, आराखडे काढले गेले आणि कोणता भाग कोणत्या धातूचा आहे हेही तपासले गेले. इंजिनासाठी शेव्हरलेचाच नमुना निवडण्यामागे व्यवहारी विचार होता. भाग एकमेकांच्या जागी बसणारे असले, तर बाजारात मिळणारे सुटे भाग ग्राहकाला आपल्या गाडीत वापरता येणार होते.

भागाचे माप घेता येते, पण तो कसा घडवला हे मापातून कळत नाही, याचा अनुभव सिलिंडर ब्लॉक ओतताना आला. ब्लॉकच्या आत पाणी खेळण्यासाठी वाकड्यातिकड्या पोकळ्या लागतात. त्यासाठी साच्यात वाळूचे कोअर बसवतात. मागाचे भाग ओतण्यात तरबेज असलेल्या कारागिरांनाही हे काम नवीन होते. कितीतरी ब्लॉक भंगारात गेले. वाळूत तेल मिसळून केलेले कोअर वापरण्याची पद्धत हाती बसल्यावर ओतकाम सुधारले. मोटारीला लागणारे पोलाद सहज मिळत नसल्याने पोलादनिर्मितीचीही सोय करावी लागली.

सप्टेंबर 1934 मध्ये सुमारे 3.4 लिटरचे सहा सिलिंडरचे ‘ए’ इंजिन तयार झाले. नमुना शेव्हरलेचा असूनही त्याच्याइतकी शक्ती मात्र सुरुवातीला मिळेना. सिलिंडर हेडची रचना बदलल्यावर हा दोष गेला. मे 1935 मध्ये ‘ए1’ ही प्रायोगिक मोटार उभी राहिली. तिचा वाऱ्याला कमी अडणारा बांधा क्रायस्लर समूहाच्या डिसोटो एअरफ्लोवर बेतलेला होता.

त्याच वर्षी ‘जी1’ ट्रक आला. त्याचे इंजिन शेव्हरलेच्या वळणाचे होते, तर चौकट फोर्डच्या धर्तीची, कारण खडबडीत रस्ते आणि जास्तीचे ओझे सोसेल अशी मजबुती ट्रकला हवी होती. तरीही खरी परीक्षा रस्त्यावरच झाली. नोव्हेंबर 1935 मध्ये तोक्योतील प्रदर्शनासाठी निघालेल्या ट्रकचा स्टीअरिंगचा भाग वाटेतच तुटला. विकलेले ट्रकही वारंवार बंद पडत. कंपनीची माणसे जागेवर जाऊन दुरुस्ती करत, मोडलेला भाग परत आणत आणि त्यावरून आराखडा सुधारत. जनरल मोटर्सच्या जपानी शाखेतून आलेले शोतारो कामिया विक्रीची बाजू सांभाळत होते.

1936 मध्ये ‘एए’ ही मोटार बाजारात आली. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने देशी उत्पादकांना संरक्षण दिले आणि परदेशी कंपन्यांवर मर्यादा आल्या. 1937 मध्ये टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी कोरोमोचा मोठा कारखाना सुरू झाला.

परदेशी कारखाने पाहण्याची परंपरा युद्धानंतरही टिकली. 1950 मध्ये किइचिरो यांचे चुलतबंधू एइजी तोयोदा यांनी अमेरिकेत फोर्डच्या उत्पादनपद्धतीचा अभ्यास केला. कामगारांकडून सुधारणेच्या सूचना मागवण्याची तिथली रीत टोयोटाने 1951 मध्ये स्वीकारली. फोर्डसारखे प्रचंड उत्पादन मात्र जपानच्या छोट्या बाजारपेठेला पेलणारे नव्हते. म्हणून लागेल तेवढेच, लागेल तेव्हाच बनवण्याची किइचिरो यांची जुनी कल्पना पुढच्या अभियंत्यांनी विकसित केली. टोयोटाची उत्पादनपद्धती त्यातूनच आकाराला आली.