अकरा निवडणुका, अकरा खासदार : नाशिकचा मतदार आणि आपल्या घरातली यादी

20 मे 2024. नाशिकमध्ये लोकसभेचे मतदान होते. मी नेहमीप्रमाणे निवडणूक ड्यूटीवर होतो. रात्री उशिरा मशीन जमा करून घरी आलो, तर अम्मी जागीच होती. म्हणाली, ‘‘माझ्या बोटाला शाई नाही लागली रे या वेळी.’’

यादीत तिचे नावच नव्हते. चूक दुसऱ्या कुणाची नाही, माझी होती. जुन्या नाशिकमधले घर सोडून आम्ही वडाळ्याकडे राहायला आलो. बँकेत पत्ता बदलला, गॅसचा बदलला, रेशनकार्डाचा बदलला. मतदार यादीत माझा आणि बेगमचा पत्ताही बदलून घेतला. अम्मीचे ‘नंतर करू’ म्हणून राहून गेले. जुन्या पत्त्यावर कुणी राहत नाही म्हणून तिथले नाव कमी झाले आणि नव्या यादीत ते आलेच नाही. मतदान केंद्रावर शेकडो लोकांची नावे शोधून देणाऱ्या मास्तरच्या आईचे नाव यादीत नाही! त्या रात्री मला झोप लागली नाही.

अम्मीने पहिले मत दिले 1977 साली. तेव्हा मतदानाचे वय 21 होते. नंतरच्या सुट्टीत मी सहज नाशिकच्या खासदारांची यादी लिहून काढली. ती वाचून अम्मी म्हणाली, ‘‘इतके जण झाले?’’

कुणालाही मक्ता नाही

पहिल्या निवडणुकीत, 1952 साली, नाशिकमधून काँग्रेसचे गोविंद हरी देशपांडे निवडून आले. 1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दादासाहेब गायकवाड खासदार झाले. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा हा माणूस. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विश्वासू सहकारी आणि 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे आघाडीचे नेते. ज्या शहरात आपल्या लोकांना मंदिराच्या दारात अडवले गेले, त्याच शहराचा आवाज बनून ते दिल्लीला गेले. मताची ताकद मुलांना समजावताना मला याहून चांगले उदाहरण सापडत नाही.

1962 ला पुन्हा देशपांडे आले. 1963 च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाण इथून बिनविरोध निवडून आले. चीन युद्धाच्या वेळी संरक्षणमंत्री म्हणून ते दिल्लीला गेले होते. 1967 आणि 1971 ला काँग्रेसचे भानुदास कवडे सलग दोनदा जिंकले.

खरी गंमत त्यानंतरची आहे. 1977 ला शेतकरी कामगार पक्षाचे विठ्ठलराव हांडे, 1980 ला प्रताप वाघ, 1984 ला मुरलीधर माने, 1989 ला भाजपचे डॉ. दौलतराव आहेर, 1991 ला काँग्रेसचे डॉ. वसंत पवार, 1996 ला शिवसेनेचे राजाराम गोडसे, 1998 ला काँग्रेसचे माधवराव पाटील, 1999 ला शिवसेनेचे उत्तमराव ढिकले, 2004 ला राष्ट्रवादीचे देविदास पिंगळे, 2009 ला राष्ट्रवादीचेच समीर भुजबळ, 2014 ला शिवसेनेचे हेमंत गोडसे. म्हणजे 11 निवडणुका आणि 11 वेगवेगळे खासदार! 2019 ला गोडसे पुन्हा निवडून आले, तेव्हा कुठे ही साखळी तुटली. 2024 ला नाशिककरांनी परत माणूस बदलला. उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे राजाभाऊ वाजे 1,62,001 मतांनी जिंकले.

पक्ष कोणता चांगला, हे सांगण्यासाठी मी लिहीत नाही. सांगायचे इतकेच की नाशिकच्या मतदाराने ही जागा कुणाच्या नावावर करून दिलेली नाही. ‘‘आपल्या एका मताने काय होणार?’’ असे म्हणणाऱ्याने ही यादी एकदा वाचावी. आणि या यादीत आजवर एकाही महिलेचे आणि एकाही मुस्लिमाचे नाव नाही, हेही वाचताना ध्यानात ठेवावे.

162 मतांचा हिशेब

आपल्या जिल्ह्यात विधानसभेच्या 15 जागा आहेत. त्यांतल्या 6 नाशिक लोकसभेत, 6 दिंडोरीत, आणि मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण या 3 धुळे मतदारसंघात. 2024 ला धुळ्यातून नाशिकच्या माजी महापौर डॉ. शोभा बच्छाव अवघ्या 3,831 मतांनी निवडून आल्या. मालेगाव मध्यने दिलेल्या मोठ्या आघाडीनेच तो निकाल फिरवला. त्याच मालेगाव मध्यमध्ये सहा महिन्यांनी विधानसभेचा निकाल लागला फक्त 162 मतांनी. 162 मते म्हणजे किती? एखाद्या गल्लीतली तीस-पस्तीस घरे. त्या घरांतल्या किती अम्मींची नावे यादीत राहून गेली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

नाव सांगा, नाव लिहा

स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदार यादीच्या वेळी अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच लिहून दिले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. आज आपल्या घरात तसे घडत नाही. पण आधारकार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, निकाहनाम्यावर तिसरे, हे घरोघरी आहे. शेख, शैख, फातिमा, फातेमा, माहेरचे नाव, सासरचे नाव. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना अक्षरे बदलतात आणि त्रास होतो तो बहुतेक घरातल्या बायकांनाच.

म्हणून वाचकहो, एक रविवार यासाठी काढा. घरातल्या प्रत्येकाचे नाव यादीत आहे का, ते मतदार सेवा पोर्टलवर बघा किंवा 1950 या क्रमांकावर विचारा. नवीन नावासाठी फॉर्म 6 आणि पत्ता किंवा नाव दुरुस्तीसाठी फॉर्म 8 भरा. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार महिन्यांच्या 1 तारखेला 18 वर्षे पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते. 17 पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्जही करता येतो. आणि निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. शेवटच्या दिवसांत अर्ज केला तर त्या निवडणुकीत नाव येईलच असे नाही.

जूनमध्ये मी अम्मीचा अर्ज भरला. 20 नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते. माझी ड्यूटी होती, म्हणून मुलगी दादीला घेऊन गेली. रात्री घरी आलो तेव्हा अम्मी दस्तरखान मांडून बसली होती. काही बोलली नाही. ताटात भाकरी वाढताना तिने डावा हात मुद्दाम पुढे केला. बोटावर शाई होती.