सर्किट ब्रेकर रचनाबंध आणि सॉफ्टवेअरची तग धरण्याची क्षमता : महाविद्यालयीन प्रवेशप्रणालीच्या संदर्भात

प्रस्तावना :
घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड येथील महाविद्यालयांत आसपासच्या खेड्यांतून विद्यार्थी येतात. प्रवेश व शुल्कभरणा ऑनलाइन होत असताना अखेरच्या दिवशी प्रणाली ठप्प होणे म्हणजे विद्यार्थ्याचा प्रवेशच हुकण्याचा धोका होय. असे बिघाड मर्यादित ठेवणाऱ्या ‘सर्किट ब्रेकर’ या रचनाबंधाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बिघाडाचे स्वरूप :
प्रवेशप्रणाली शुल्कासाठी बाहेरील सेवेवर अवलंबून आहे, असे मानू. ती सेवा पूर्ण बंद असेल तर नकार बहुधा तत्काळ मिळतो. ती मंदावली तर मात्र प्रत्येक विनंती ताटकळत राहते. सर्व्हर एका वेळी १०० विनंत्या हाताळत असेल, तर १०० विद्यार्थी शुल्कापाशी खोळंबताच शुल्काशी संबंध नसलेली गुणवत्ता यादीही उघडत नाही.

कार्यपद्धती :
मायकेल नायगार्ड यांच्या २००७ मधील ‘रिलीज इट!’ या ग्रंथामुळे हा रचनाबंध प्रचलित झाला. वीज उपकेंद्रातील सर्किट ब्रेकर सदोष वाहिनी तोडून उर्वरित यंत्रणा वाचवतो, तेच तत्त्व येथे आहे. त्याच्या तीन अवस्था आहेत. ‘बंद’ अवस्थेत विनंत्या पुढे जातात व अपयशांची नोंद ठेवली जाते. अपयशे ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच ‘खुली’ अवस्था येते. विनंती पुढे न पाठवता तत्काळ उत्तर दिले जाते. काही काळाने ‘अर्धखुल्या’ अवस्थेत मोजक्या विनंत्या पाठवून सेवा सावरली की नाही, हे पाहिले जाते. व्यवहारात ‘बंद’ म्हणजे थांबलेले. परिपथाच्या भाषेत मात्र ‘बंद’ म्हणजे प्रवाह चालू. हा भेद अध्यापनात आवर्जून स्पष्ट करावा लागतो.

मर्यादा :
मर्यादा चुकीची ठरल्यास संरक्षणच घातक ठरते. ३० जुलै २०१२ रोजी बीना–ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनी दोष नसतानाही अतिभारामुळे संरक्षक रिलेने तोडली आणि उत्तर भारताचे ग्रीड कोसळले. सॉफ्टवेअरमध्येही क्षणिक विलंबाने परिपथ खुला झाल्यास सुरळीत सेवा नाकारली जाईल. शिवाय, उत्तर न येणे म्हणजे शुल्क जमा न होणे नव्हे. म्हणून अनिर्णित व्यवहारांची पडताळणी झाल्याशिवाय पुन्हा शुल्क घेऊ नये.

निष्कर्ष :
सर्किट ब्रेकर बिघाड टाळत नाही. तो पसरू देत नाही. परिपथ खुला असताना विद्यार्थ्याचा अर्ज जतन करायचा की नाही आणि शुल्कासाठी मुदत वाढवायची की नाही, हे निर्णय मात्र आज्ञावली घेऊ शकत नाही. ते महाविद्यालयाने प्रवेशप्रक्रियेपूर्वीच घेणे आवश्यक आहे.