मे महिन्यात किनाऱ्यावरची खोली

उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्रकाठच्या एखाद्या गावात चार दिवस राहावे, एवढी साधी इच्छा प्रत्यक्षात आणताना वसई-विरार परिसरातील कुटुंबांची बरीच ओढाताण होते. माणिकपूरपासून भुईगाव, रानगाव, कळंब, राजोडी आणि अर्नाळा हे किनारे काही किलोमीटरच्या अंतरात असल्यामुळे येथील माणसाला समुद्र परका नाही. परंतु या किनाऱ्यांवर केळी-नारळाच्या वाड्यांत उभी राहिलेली अनेक रिसॉर्ट एका दिवसाच्या सहलीसाठी ओळखली जातात, आणि त्यांत नाश्ता, जेवण, चहा व जलतरण तलाव यांचा माणशी एकत्रित दर आकारला जातो. मुक्कामासाठी, म्हणजे पहाटे किनाऱ्यावर फेरी मारून दुपारी ओसरीवर पडून राहता यावे यासाठी, कुटुंबे उत्तरेला केळवे-बोर्डीकडे किंवा दक्षिणेला रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्गाकडे वळतात. तिथे मे महिन्यात खोल्या का मिळत नाहीत याची कारणे समजून घेतली, तर शोधाची दिशा आपोआप बदलते.

पहिले कारण दिनदर्शिकेत आहे. शाळांच्या परीक्षा आटोपल्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत जेमतेम पाच-सहा आठवडे हाती असतात आणि त्यातही शेवटचा भाग निसटता असतो, कारण मेच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो, जलक्रीडा व किल्ल्यांकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या पावसाळ्यापुरत्या बंद होतात आणि 1 जूनपासून यांत्रिक मासेमारीलाही बंदी लागू होते. याच आठवड्यांत हापूस उतरतो, लग्ने निघतात आणि नोकरीनिमित्त मुंबई परिसरात राहणारे चाकरमानी मुलाबाळांसह गावच्या घरी येतात. त्यामुळे एरवी पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या माजघरालगतच्या दोन खोल्यांत मे महिन्यात घरचीच माणसे असतात. मागणी सर्वाधिक असताना घरगुती खोल्या सर्वात कमी असण्याचे हे मूळ आहे, आणि त्यात यजमानाचा काहीच दोष नाही.

दुसरे कारण पाण्याचे आहे. किनाऱ्यालगतच्या वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी वजनाने हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते आणि विहिरींना मिळते ते हेच पाणी. भूजलशास्त्राच्या सर्वमान्य हिशेबानुसार समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी राहते. म्हणजेच वरची पातळी थोडी उतरली तरी खालून खारे पाणी पुष्कळ वर चढते. मालवणजवळच्या देवबागसारख्या गावात, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आहे, या मर्यादेचे महत्त्व सहज लक्षात येते. वसईकरांना तर हा धडा जुनाच आहे, कारण येथील विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेण्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने मोठे जनआंदोलन उभारले होते. गावाची विहीर जेवढी, तेवढेच गावाचे पाहुणे, हा हिशेब म्हणूनच टाळता येत नाही.

तिसरे कारण कायद्याचे आहे. केंद्र सरकारने 1991 मध्ये काढलेल्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा नियंत्रणाखाली आणला आणि ग्रामीण भागात त्यातील पहिल्या 200 मीटरमध्ये नव्या बांधकामाला मोठ्या प्रमाणावर अटकाव केला. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी हे अंतर 50 मीटरवर आणले, तर इतरत्र ते 200 मीटरच ठेवले. त्याच अधिसूचनेत एक महत्त्वाची सवलत आहे: स्थानिक रहिवाशांना, मच्छीमारांसह, आपल्या जुन्या घराचा जोत्याचा आकार, रचना व दर्शनी भाग न बदलता त्यात पाहुणे ठेवता येतात. डहाणू तालुका 1991 मध्येच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला, आणि बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या आजही टिकून आहेत त्याला या निर्बंधांचाही हातभार लागला आहे. समुद्रकाठी उंच हॉटेलांची रांग नसणे ही उणीव मानण्याऐवजी तिथे घरगुती मुक्कामाला दिलेली पसंती म्हणून तिच्याकडे पाहणे अधिक योग्य ठरेल.

ही अडचण कोकणापुरती नाही. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील चिंक्वे तेर्रे या पाच गावांना 1997 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला; डोंगरउतारावर एकमेकांना बिलगून बांधलेल्या या गावांत नव्या इमारतींना जागाच नाही, आणि 15 ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सणाच्या आसपास सारा देश सुट्टीवर असल्यामुळे खोली मिळणे दुरापास्त होते. तेथेही राहत्या घरातील खोल्या भाड्याने देण्याची रीत जुनी आहे, आणि आता अल्पकाळ भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक घेऊन तो जाहिरातीत छापणे बंधनकारक करण्यात आले आहे, जेणेकरून पाहुण्याला घर खरे आहे याची खात्री पटावी.

महाराष्ट्रात अशी खात्री करून घेण्याचे मार्ग आहेत. 1975 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे व तारकर्ली येथे आहेत आणि त्यांचे आरक्षण महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरून होते. शासनाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत मालक स्वतः राहतो अशा घरातील खोल्यांची नोंदणी होते, त्यामुळे यजमानाकडे नोंदणीपत्र मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. मात्र सर्वात भरवशाचा मार्ग अजूनही ओळखीचाच आहे: इमारतीतील मालवणी किंवा गुहागरकडचे शेजारी, पूर्वी राहून आलेले सहकारी, किंवा गावातील खाणावळवाले, ज्यांना कोणाच्या घरी खोली रिकामी आहे याची खबर असते. अनोळखी संकेतस्थळावर सुंदर छायाचित्रे आणि निम्मा दर दिसला, तर पैसे भरण्यापूर्वी यजमानाला व्हिडिओ कॉलवर घर व अंगण दाखवण्यास सांगावे. फसवणूक झालीच, तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

वेळेचे गणितही महत्त्वाचे आहे. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेची आगाऊ आरक्षणाची मुदत 60 दिवसांवर आली असल्याने मेच्या पहिल्या आठवड्याचे तिकीट मार्चच्या सुरुवातीस खुले होते. म्हणून खोली फेब्रुवारीतच बोलून ठेवावी आणि तिकीट हाती आल्यावर आगाऊ रक्कम द्यावी. माणिकपूरच्या प्रवाशांना वसई रोड स्थानकातूनच कोकण रेल्वेच्या काही गाड्या मिळतात, त्यात 2024 मध्ये सुरू झालेली वांद्रे-मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी गाडीही आहे. केळवे किंवा बोर्डीला जाणाऱ्यांना तर आरक्षणाचीही गरज नाही, कारण 2013 पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत जातात.

बोलणी करताना काही गोष्टी आधीच स्पष्ट कराव्यात: दर खोलीचा की माणशी, वातानुकूलनाचे वेगळे पैसे आहेत का, वीज गेल्यास पंख्यापुरती तरी सोय आहे का, आणि समुद्र खरोखर किती पावलांवर आहे. जेवण बहुधा ताटावर असते. पापलेट व सुरमईचा दर माशाच्या आकारावर आणि त्या दिवशीच्या बाजारावर ठरतो, आणि उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावे लागते, कारण ते घरच्याच बायका करतात. तारखा ठरवताना तिथीही पाहावी. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, म्हणजे मुलांना संध्याकाळी वाळूत खेळवण्याचा बेत त्या दिवशी साधत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास असते आणि संध्याकाळी ओहोटीमुळे किनारा रुंद होतो, परंतु ओहोटीचे पाणी आत ओढते, म्हणून पोहण्याआधी यजमानाला विचारणे आवश्यक आहे.

तारखांत थोडी लवचीकता ठेवल्यास बरेच काही साधते. शनिवार-रविवार टाळून सोमवार ते गुरुवार राहिल्यास, आणि दिवेआगर, मुरूड-हर्णै किंवा तारकर्ली या गाजलेल्या नावांऐवजी केळशी, हेदवी किंवा भोगवे यांसारख्या गावांचा विचार केल्यास, खोली मिळण्याची शक्यता वाढते आणि एकाच गावाच्या विहिरींवर येणारा ताणही विभागला जातो. राहत्या घरात उतरलेल्या पाहुण्याचे पैसे त्या घराच्या डागडुजीला, वाडीच्या शिंपण्याला आणि मुलांच्या शिक्षणाला लागतात. त्यामुळे ते घर विकून तिथे सिमेंटची इमारत उभी करण्याची गरज कमी होते. किनाऱ्यावरची गावे राहत्या माणसांची गावे म्हणून टिकावीत असे वाटणाऱ्याने खोली शोधतानाच हा विचार केला पाहिजे, कारण पाहुणा कोठे उतरतो यावरच पुढच्या पिढीला उतरायला कोणते गाव उरेल हे पुष्कळ अंशी ठरते.