सील तोडलं, वॉरंटी राहिली

सांगलीच्या आमच्या घरी गॅरंटी कार्डांची एक फाइल होती. फ्रीज, मिक्सर, स्टॅबिलायझर, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांची कार्डं बिलासकट त्यात लावलेली. स्टॅबिलायझरच्या मागच्या स्क्रूवर लाल लाखेसारखा एक ठिपका होता. लहानपणी मी त्याला नखाने खरवडलं, तेव्हा बाबांनी जो आवाज चढवला तो अजून कानात आहे. "सील तुटलं की गॅरंटी गेली!" पुढे मी कॉम्प्युटर इंजिनिअर झालो, अमेरिकेत आलो, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात, कोलंबसला, ते पुन्हा आठवलं. बायकोने डेटा ॲनालिटिक्सचा ऑनलाइन कोर्स सुरू केला होता. मुलगी झोपली की रात्री नऊ ते अकरा एवढाच तिचा अभ्यासाचा वेळ, आणि त्यातला अर्धा तास लॅपटॉप गोठण्यात जायचा. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर मेमरी ९४ टक्के भरलेली. रॅम ८ जीबी. नवा लॅपटॉप घ्यायचा तर आठ-नऊशे डॉलर. १६ जीबीची पट्टी तेव्हा चाळीसेक डॉलरला मिळत होती. हिशेब सोपा होता. अडचण एकच, मागच्या झाकणाच्या एका स्क्रूवर इवलंसं स्टिकर होतं: काढल्यास वॉरंटी रद्द. आणि वॉरंटीचे नऊ महिने शिल्लक होते.

"तू इंजिनिअर आहेस ना?" बायको म्हणाली. आहे, पण सॉफ्टवेअरचा. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन दहा वर्षं झाली असतील. म्हणून मी आमच्या जमातीचं नेहमीचं काम केलं, आधी वाचत बसलो.

वाचून जे कळलं ते इथे राहणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावं असं आहे. अमेरिकेत १९७५ सालचा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. अमुकच ब्रँडचा सुटा भाग वापरा, अमुक ठिकाणीच दुरुस्ती करा, नाहीतर वॉरंटी मिळणार नाही, अशी अट कंपनीला घालता येत नाही. तो भाग किंवा ती सेवा कंपनी फुकट देत असेल, किंवा फेडरल ट्रेड कमिशनकडून तिने खास परवानगी घेतली असेल, तर गोष्ट वेगळी. गाडीचं ऑइल कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये बदललं म्हणून इंजिनची वॉरंटी जात नाही, तसंच हे. २०१८च्या एप्रिलमध्ये याच कमिशनने सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली, त्यात अशा स्टिकरांचाही विषय होता.

पण याचा अर्थ वाट्टेल ते करा असा नाही, इथेच लोकांची गल्लत होते. तुम्ही पट्टी घुसवताना सॉकेट मोडलं तर तो खर्च तुमचा. नवी पट्टी खराब निघाली तर ती बदलून द्यायची ती पट्टी बनवणाऱ्याने, लॅपटॉपवाल्याने नाही. कायदा वाचवतो तो तुमच्या हातून न झालेल्या बिघाडापुरता.

गंमत म्हणजे त्याच कंपनीच्या मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये मेमरी कशी बदलावी याची पायऱ्या-पायऱ्यांनी चित्रं होती! पट्टी विकत घेण्याआधी हे मॅन्युअल जरूर बघा. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डलाच डाखलेली असते, तिथे काहीच करता येत नाही. आमच्यात दोन स्लॉट होते, एक रिकामा. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही. जबरदस्ती करायची नाही.

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मांडामांड केली. ओहायोच्या हिवाळ्यात हीटरमुळे हवा इतकी कोरडी असते की दाराच्या मुठीला हात लावला तरी चटका बसतो. ती स्थिर वीज मेमरीला मारू शकते. म्हणून लोकरी जॅकेट काढलं, गालिचावरून उठून फरशीवर आलो, आधी एका धातूच्या वस्तूला हात लावला. चार्जर काढला, बॅटरीचा कनेक्टर सोडवला. स्क्रू कागदावर, ज्या जागचा त्या जागी. पट्टी तिरकी घालायची, मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसतात. एवढंच. पाच मिनिटांचं काम.

बटण दाबलं. स्क्रीन काळी. अर्धा मिनिट, एक मिनिट. पंखा फिरतोय, बाकी काही नाही. "बाबांना फोन लावू का?" बायकोने विचारलं. मला हसू आलं नाही. डीडीआर५मध्ये नवी पट्टी घातल्यावर पहिल्यांदा मशीन मेमरीशी जुळवून घेतं, त्याला काही मिनिटंही लागतात, हे मी वाचलं होतं, पण त्या क्षणी आठवेल तर शपथ! शेवटी लोगो आला. २४ जीबी. रात्रभर मेमरी तपासणीचा प्रोग्रॅम चालवला, एकही चूक नाही.

खरी परीक्षा चार महिन्यांनी झाली. कीबोर्डची एक ओळ बंद पडली. फोनवरच्या मुलाने विचारलं, लॅपटॉप उघडला होता का? मी खरं सांगितलं. तो म्हणाला, मग वॉरंटी संपली. कोर्सची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मी आवाज न चढवता एवढंच म्हटलं, की मेमरी बदलल्याने कीबोर्ड कसा बिघडला हे मला ईमेलवर लिहून द्या, आणि वॉरंटीतलं कुठलं कलम लावताय तेही. कायद्याचं नावही घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वरिष्ठ बाईंचा फोन आला. लॅपटॉप पाठवा म्हणाल्या. पाठवताना डेटाचा बॅकअप घेतला, आणि नवी पट्टी काढून फक्त जुनीच ठेवली. लपवायला नव्हे, ते मी सांगितलंच होतं. पण तपासणीत बोट दाखवायला जागा राहू नये, आणि पट्टी तिकडे हरवूही नये. नऊ दिवसांत नवा कीबोर्ड लागून आला, एक डॉलरही न घेता.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर ऐकल्यावर बाबांनी जाहीर केलं, आता माझाही उघडू. मी घाईघाईने थांबवलं. हा कायदा अमेरिकेचा, सांगलीत तो चालत नाही. तिथे वॉरंटी शिल्लक असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच रॅम घालून घ्यावी, थोडे पैसे जास्त गेले तरी. जॉब शीटवर तशी नोंद करून घ्यावी. तक्रार करायची वेळ आलीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आणि इथून बॅगेत लॅपटॉप नेऊन देणाऱ्यांनो, त्याची वॉरंटी भारतात चालते का, हे विकत घेतानाच विचारा. आम्ही एकदा विचारलं नव्हतं.

बाबांनी सेंटरमधून रॅम घालून घेतली, बिल फाइलमध्ये लावलं. मग मला विचारलं, तुझ्या पट्टीचं बिल कुठाय? ईमेलमध्ये आहे म्हटलं. "ईमेल म्हणजे बिल नव्हे. प्रिंट काढ." काढली.