इबोला कोणाला गाठतो?

गिनीतील मेलियांदू गावात डिसेंबर 2013 मध्ये सुरू झालेली इबोलाची साथ 2016 मध्ये संपली. तोवर गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये 28,616 रुग्णांची नोंद झाली होती आणि 11,310 जण दगावले होते. 1976 पासूनच्या आधीच्या सर्व साथींची बेरीज याहून कमी भरते.

या नोंदींवरून मृत्यूचे प्रमाण 39.5 टक्के येते. देशवार पाहिले तर गिनीत ते 67 टक्के, लायबेरियात 45 आणि सिएरा लिओनमध्ये फक्त 28. विषाणू एकच, मग एवढी तफावत का? बऱ्याच अंशी ती कागदावरची आहे; असंख्य रुग्णांचे पुढे काय झाले, हे नोंदलेच गेले नाही. सप्टेंबर 2014 मध्ये, शेवटी काय झाले हे माहीत असलेल्या रुग्णांचाच हिशेब मांडला, तेव्हा गिनीत 70.7, लायबेरियात 72.3 आणि सिएरा लिओनमध्ये 69 टक्के हे आकडे आले. 28 टक्क्यांवरून तिथला आजार सौम्य होता असे समजणे चूक ठरेल.

फैलावाचा आकडा मात्र लहान आहे. लस नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण 12 ते 18 जणांना आजार देतो, इबोलाचा सुमारे दोघांना. हा विषाणू गोवरासारखा हवेतून पसरत नाही. रुग्णाचे रक्त, उलटी, जुलाब यांचा जखमेशी किंवा डोळे, नाक, तोंडाशी संबंध यावा लागतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला 2 ते 21 दिवस लागतात आणि तोवर ती व्यक्ती इतरांना आजार देत नाही. आजार बळावतो तसा अंगातील विषाणू वाढत जातो आणि मृतदेहातही तो टिकून राहतो.

म्हणून इबोला गाठतो तो उशापाशी बसणाऱ्याला आणि मृताला अंघोळ घालणाऱ्याला. ऑगस्ट 2014 पर्यंत गिनीतील सुमारे 60 टक्के रुग्णांचा संबंध अंत्यविधींशी जोडला गेला होता. तिन्ही देशांत 881 आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झाली, त्यांपैकी 513 गेले. 1976 मध्ये झैरमधील यांबुकूच्या मिशन रुग्णालयात दिवसभरासाठी पाच सुया मिळत आणि त्याच पुन्हा वापरल्या जात. त्या साथीत 318 पैकी 280 रुग्ण मरण पावले.

साखळी तोडता येते, हे नायजेरियाने दाखवले. जुलै 2014 मध्ये लायबेरियाहून आलेला एक रुग्ण लागोसमध्ये उतरला. यंत्रणेने 894 संपर्क शोधले आणि त्यांच्या पाठपुराव्यासाठी सुमारे 18,500 भेटी दिल्या. अखेर 20 रुग्ण आणि 8 मृत्यूंवर साथ थांबली. प्रत्येक रुग्णामागे 900 हून अधिक भेटी पडल्या; कोट्यवधी वस्तीच्या शहराच्या मानाने ही किंमत अल्प होती.

शेवटच्या रुग्णानंतर 42 दिवस, म्हणजे 21 ची दुप्पट, नवा रुग्ण न आढळल्यास साथ संपल्याचे जाहीर होते. पण विषाणू हा हिशेब नेहमी पाळत नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये लायबेरियाहून बरा होऊन परतलेल्या एका भारतीय तरुणाला दिल्लीत वेगळे ठेवण्यात आले; त्याच्या रक्तात विषाणू नव्हता, वीर्यात होता. 2021 मध्ये गिनीत पुन्हा 23 जण आजारी पडले आणि 12 दगावले. त्या विषाणूची जनुकीय रचना 2014 च्या विषाणूशी इतकी जुळत होती की, तो पाचेक वर्षे बऱ्या झालेल्या माणसाच्या शरीरात राहिला असावा, असा निष्कर्ष निघाला. बरे झालेल्या पुरुषांची वीर्यतपासणी दोनदा निगेटिव्ह येईपर्यंत कंडोम वापरावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पश्चिम आफ्रिकेत साथीतून वाचलेल्यांची संख्या 10 हजारांहून अधिक आहे, म्हणून ही तपासणी 42 व्या दिवशी थांबवता येत नाही.